अळणी आमटीचे पंधरा दिवस

टायफॉइडने माझे पाच महिने खाल्ले. दोन महिने दवाखान्यात गेले, कारण ताप एकदा उतरून पुन्हा उलटला. पुढचे तीन महिने बराकपूरला भावाच्या घरी. देश स्वतंत्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी चाळिशीला टेकले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, शिक्षण चौथीपर्यंत. कलकत्त्याला भवानीपुरात एक मराठी खाणावळ होती, तिथे मी स्वयंपाक करायची आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहायची.

भावाच्या घरी मला कोणी त्रास दिला नाही. हे आधीच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल भावजय कजाग होती. ती चांगली होती, तीच अडचण होती. मी शेंगा सोलायला घेतल्या की ती सूप काढून घ्यायची. "वन्सं, तुम्ही बसा." केर काढायला उठले की, "वन्सं, तुम्ही बसा." तीन महिने मी पाटावर बसले. पेज, मऊ भात, बिनफोडणीचं वरण, आणि बसणं. भाऊ म्हणाला, "आता इथेच राहा, काय कमी आहे?" कमी काहीच नव्हतं. पण बसून खाणाऱ्या विधवा बहिणीला किती वर्षांनी कंटाळतात हे मला माहीत होतं, कारण आमच्याच घरात माझी आत्या तशी राहिली होती. तेव्हा चालताना पाय लटपटायचे थांबले तशी मी म्हटलं, मला परत नेऊन सोड.

केस दवाखान्यातच कापले होते. डोक्याला पदर घट्ट लावून मी भावाबरोबर गाडीने सियालदाला आले आणि तिथून ट्रामने भवानीपूरला. पूजा होऊन गेली होती, हवेत जरा गारवा होता. खाणावळीच्या दारात शेजारच्या घरातली एक कर्मठ म्हातारी उभी होती. तिने माझं डोकं बघितलं आणि समाधानाने मान हलवली. म्हणाली, "शेवटी सुचलं म्हणायचं तुला." मी म्हटलं, "मला नाही, तापाला सुचलं."

खाणावळ काकूंची. काकू म्हणजे साठीच्या एक बाई. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, यजमान वारल्यावर राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी खाणावळ काढली होती. बावीस माणसं जेवायची. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी विमा कंपनीत, दोघेतिघे फोर्ट विल्यममधल्या लष्करी कचेरीत. काही बिनलग्नाचे, काहींनी बायकामुलं देशावर ठेवलेली. सकाळी नऊला एक पंगत, कचेरीतून आल्यावर संध्याकाळी दुसरी.

काकू मला म्हणाल्या, "आलीस? आधी पाणी पी. मेल्याचं कळलं नाही म्हणून खोली ठेवली होती."

मी त्यांच्या हातात दवाखान्याची चिठ्ठी दिली. माझी तपासणी झाली आहे, माझ्यापासून कोणाला रोग व्हायचा नाही, असं तीत लिहिलं होतं. काकूंनी ती वाचली नाही, पिठाच्या डब्यावर ठेवली. मग त्यांनी सरळच सांगितलं.

"पाच महिने ठाकूर सांभाळतोय. त्याच्या मुलीचं लग्न आहे, दीड महिन्याने तो जाणार. तोवर दोघं मिळून करा. तुला झेपलं तर तू. नाही झेपलं तर त्याचा चुलतभाऊ यायला तयार आहे. बावीस माणसं आहेत ग, मला दया करून चालणार नाही."

"दया मला नकोच आहे," मी म्हटलं.

पण दीड महिन्यात झेपलं नाही तर बराकपूर, हे मला कळत होतं. तिथलं ते सूप आणि तो पाट माझी वाटच बघत होते.

कलकत्त्यात आचाऱ्याला ठाकूर म्हणतात. हा आमचा ठाकूर ओरिसातला ब्राह्मण, पन्नाशीचा, पोट सुटलेला, पानाने दात लाल झालेला. स्वभावाने शांत. पाच महिन्यांत त्याने बावीस मराठी माणसांना गोड डाळ खायला लावली होती. त्यांनी त्याला बावीस प्रकारे शिव्या दिल्या होत्या आणि त्याने त्या पानाबरोबर चघळून टाकल्या होत्या. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा त्याने आपलं सगळं सामान डाव्या बाजूला सरकवलं आणि उजवी चूल मला मोकळी करून दिली. आम्ही मोडक्या हिंदीत बोलायचो. माझी जास्त मोडकी होती.

पहिल्या दिवशी मला आमटीचं पातेलं उतरवता आलं नाही. ठाकुराने उतरवलं. वीस पोळ्या झाल्यावर लाटणं पुढे सरकेना. काकूंनी पोळपाट ओढून घेतला. मी भिंतीला टेकून पाच मिनिटं बसले आणि पुन्हा उठले. हे सगळं मी धरूनच चालले होते. ताकद येते, खाल्लं की येते. आठ दिवसांत पातेलं एकटीने उतरवायला लागले. मला वाटलं, झालं, जिंकलं.

आमच्या स्वयंपाकाची एक रीत इथे सांगायला हवी. काकू फारशा कर्मठ नव्हत्या, पण देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला काही लावायचं नाही हे पक्कं होतं. मलाही आईने तसंच शिकवलेलं. स्वयंपाक करताना चाखायचं नाही. डाळ शिजली का ते वासावर, मसाला भाजला गेला का ते रंगावर, आणि मीठ मुठीवर. खडेमीठ असायचं. बावीस जणांच्या आमटीला एक भरून मूठ, भाजीला अर्धी. सात वर्षं मी त्या खाणावळीत होते, मीठ कमी पडलं किंवा जास्त झालं असं कोणी म्हटलं नव्हतं. चमचा कशाला लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

आणि आता माझी आमटी उरत होती.

पूर्वी माझ्या आमटीचं पातेलं पुसून घेतल्यासारखं रिकामं व्हायचं. शेवटच्या डावावरून दोघांची भांडणं व्हायची. आता तिसरा हिस्सा तसाच राहायचा. भाजीही उरायची. आणि त्याहून वाईट म्हणजे ती माणसं गोड बोलायला लागली. आधी ही मंडळी कशी होती तर, पोळी जरा जाड झाली की म्हणायची, "मावशी, ही पोळी की जोडा?" वांगं जरा कच्चं राहिलं की, "मावशी, वांग्याला अजून बोलता येतंय." आता रोज तेच एक, "छान झालंय मावशी. तब्येत सांभाळा." बावीस पुरुष एकदम सभ्य झाले म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतंच.

मी माझ्या परीने अर्थ लावला. त्यांना माझ्या रोगाची भीती वाटते. टायफॉइड झालेल्या बाईच्या हातचं पोटात जायला नको, म्हणून दोन घास खाऊन उठतात, आणि तोंडावर बोलायला लाजतात. एकदा असं डोक्यात बसल्यावर त्याला पुरावे हवे तेवढे मिळाले. एकाने ताक तेवढं दोनदा मागितलं, ते काकूंनी केलेलं होतं. दुसरा लोणच्यावरच भात खाऊन उठला, लोणचं देशावरून आलेलं होतं. मी सूड म्हणून पंगतीच्या आधी सगळ्यांच्या देखत अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागले. चांगलं चोळून, दोनदा. ते बघायचे आणि माना खाली घालायचे. ते बघून माझी खात्रीच झाली.

मी काकूंना काही बोलले नाही. काकू मला काही बोलल्या नाहीत. त्या उरलेली आमटी बघायच्या आणि झाकण ठेवायच्या. ठाकुराचा चुलतभाऊ एके दिवशी येऊन स्वयंपाकघर पाहून गेला. तरणाबांड होता. त्याने माझं पातेलं एका हाताने उचलून बघितलं आणि खाली ठेवलं.

त्या रात्री जेवताना मी आमटी दोनदा वाढून घेतली. आमटी मला तर चांगली लागत होती.

पंगतीत एक नवा माणूस होता, तीनेक आठवड्यांपूर्वी नागपूरहून बदली होऊन आलेला, बँकेतला. तो एकटा रोज जेवताना हाक मारायचा, "काकू, मीठ!" मीठ वाढायचं काम काकूंचं. ताटात डाव्या हाताला वर मीठ वाढतात ते संपवून हा पुन्हा मागायचा. त्याच्या शेजारी फोर्ट विल्यममधले एक कारकून बसायचे, सगळ्यांत जुने, पन्नाशीचे. ते नागपूरकराला कोपराने ढोसायचे. मी म्हटलं, नागपूरकडचे खारट खात असतील.

पंधरा दिवस झाले आणि रविवार आला. रविवारी कोणाला घाई नसायची, पंगत निवांत चालायची. मी मुद्दाम चिंचगुळाची आमटी केली होती, वर खोबरं, कोथिंबीर. वास असा सुटला होता की शेजारची म्हातारीसुद्धा खिडकीत आली. आणि तरी दुसरी वाढ घ्यायला कोणी वाटी पुढे करेना. मी आमटीचं भांडं घेऊन ओळीने फिरले. "नको मावशी, पोट भरलं." "पुरे मावशी, छान झालीय." शेवटी फोर्टच्या कारकुनांसमोर आले. त्यांनी वाटीवर हात ठेवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. भांडं तिथेच जमिनीवर ठेवलं.

"एकदा तोंडाने बोलून टाका ना," मी म्हटलं. "माझ्या हातचं खायची भीती वाटते, असं सरळ सांगा. चिठ्ठी आहे दवाखान्याची, पिठाच्या डब्यावर पडलीय, वाचून घ्या. इंग्रजीत आहे, तुम्हाला येतं."

सगळे घास हातात धरून बसले.

"भीती?" कारकून म्हणाले. "कसली भीती?"

"रोगाची. दुसरी कसली?"

"अहो मावशी, दंगलीच्या दिवसांत या गल्लीतून कचेरीत गेलेले लोक आम्ही. तुमच्या टायफॉइडला काय भिणार?"

"मग खात का नाही?"

ते नागपूरकराकडे बघायला लागले. नागपूरकर म्हणाला, "आता मला काय ढोसता? तुम्हीच सांगा की. नाही तर मी सांगतो."

"तू गप."

"मावशी, अळणी आहे," नागपूरकर म्हणाला. "आमटी अळणी, भाजी अळणी. मी आलो त्याच्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही आलात, तेव्हापासून रोज अळणी. मला वाटलं तुमची पद्धतच अशी."

मी कारकुनांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली.

"पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस."

"आणि बावीस जणांत एकाला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर काकूंच्या कानावर गेलं असतं," ते हळू म्हणाले. "तुमची चाचणी चाललीय हे माहीत आहे सगळ्यांना. आम्ही ठरवलं, वरून मीठ घालून खायचं. पण वरून घातलेलं मीठ आमटीत मुरतं कुठे? आमटी राहते आमटी, मीठ राहतं मीठ."

तेवढ्यात काकू दारात आल्या. त्यांच्या हातात मिठाची वाटी होती.

"माझ्या कानावर कशाला जायला हवं?" त्या म्हणाल्या. "मी काय जेवत नाही? मीसुद्धा वरून घेतेय पंधरा दिवस."

मग सगळेच हसायला लागले. मला हसू येत नव्हतं, मी रागावले होते. पण खोटं कशाला लिहू, छातीवरचा धोंडा उतरला होता. अळणीला उपाय असतो. भीतीला नसतो.

"तू कधी बोलतेस याची मी वाट बघत होते," काकू मला आत आल्यावर म्हणाल्या. "पण का होतंय ते मला कळेना. तुझा हात कधी चुकत नाही."

"मला तर बरोबर लागतं," मी म्हटलं.

"लागणारच. पाच महिने पेज खाल्लीस. तुझी जीभ आता आजाऱ्याची आहे. तिला विचारू नकोस."

"पण मूठ? मी घेते तेवढीच मूठ घेते. एक भरून."

ठाकूर कोपऱ्यात पान लावत बसला होता. त्याने न उठता सांगितलं, "दीदी, आपका मुट्ठी छोटा हो गया."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो. त्याच्याकडच्या आचाऱ्यांतही देवाच्या आधी चाखत नाहीत, सगळा हाताचाच अंदाज. त्यामुळे त्याची नजर पदार्थावर नसायची, दुसऱ्याच्या हातावर असायची. तो उठला, माझा हात मनगटाला न धरता नुसता बोट करून दाखवला. मी बघितलं. बोटं काटक्यांसारखी, तळव्याचं मांस गेलेलं, मूठ मिटली की आत पोकळी. रोज हाच हात घेऊन वावरत होते, पण हाताकडे बघतो कोण?

"एक वाटी आणा," मी काकूंना म्हटलं.

आजाराच्या आधी स्वयंपाकघरातली पितळी वाटी माझ्या तीन मुठींत काठोकाठ भरायची. लग्नाबिग्नाच्या वेळी मी त्यावर हिशेब बांधायची. आता मीठ घातलं. एक मूठ, दोन, तीन. वाटीत अजून बोटभर जागा. चौथी घातली तेव्हा कुठे भरली.

"बघ," काकू म्हणाल्या.

"रोज देखता हूँ," ठाकूर म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?" हे मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं.

त्याने पान गालात सरकवलं. "किसीने पूछा नहीं," म्हणाला. आणि मग जरा थांबून, "चुलतभाऊ वाईट आचारी आहे," अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. "मी त्याला इथे बसवला तर तुमची माणसं दोन वर्षं माझ्या नावाने खडे फोडतील." त्याने मला मदत केली ती माझ्यासाठी केली, असं मी कधी मानलं नाही. त्याला मुलीच्या लग्नाला बिनघोर जायचं होतं. पण केली, हे खरं.

काकू म्हणाल्या, "चाखत जा. मी देवाला दूधसाखर वेगळी दाखवीन."

मी म्हटलं, "कशाने चाखू? जीभ आजाऱ्याची, तुम्हीच म्हणालात."

"मग चमचा घे."

चमचा मला जमेना. चमच्याने मीठ घातलं की मला वाटायचं दुसऱ्याच बाईचा स्वयंपाक चाललाय. शेवटी मी माझा उपाय काढला. एक भरून मूठ, आणि वर एक पाच बोटांची मोठी चिमूट. भाजीला अर्धी मूठ आणि तीन बोटांची चिमूट. दुसऱ्या दिवशी सोमवारी आमटीचं पातेलं रिकामं झालं. मंगळवारी शेवटच्या डावावरून भांडण झालं, एकाने दुसऱ्याला खादाड म्हटलं. मी आत उभी राहून ते सगळं ऐकलं. इतकं चांगलं भांडण मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

मग मी खायला लागले. खरं खायला. तूप-भात, पोळी, रविवारी शिरा. कलकत्त्याच्या बाजारात थंडीत जी कोवळी फुलकोबी येते, तिच्या भाजीबरोबर चार चार पोळ्या. ठाकूर मला दुपारी काहीबाही तळून द्यायचा, मी नको म्हणत नव्हते. पोळ्या पन्नासच्या पन्नास लाटायला लागले. काकू पुन्हा वरच्या मजल्यावर दुपारची झोप घ्यायला लागल्या. खिडकीतल्या म्हातारीने माझ्या डोक्यावर बोटभर केस उगवलेले बघितले आणि खिडकी लावून घेतली.

असा महिना गेला. ठाकुराची जायची वेळ जवळ आली तरी काकू काही बोलेनात. त्यांचं म्हणणं, चार दिवस बरं चालणं म्हणजे बरं चालणं नव्हे. चुलतभाऊ अजून कलकत्त्यातच होता, कुठल्यातरी बंगाली घरात बदलीवर काम करत होता. ठाकुराला तिकीट काढायचं होतं. तो रोज सकाळी काकूंना विचारायचा, "क्या करूँ, माँ?" काकू म्हणायच्या, "बघू."

एका सकाळी नऊच्या पंगतीला फोर्टचे कारकून पहिला घास घेऊन थांबले. दुसरा घास घेतला. मग ताट सारून इतक्या जोरात ओरडले की अंगणात नळावर पाणी भरणारी बाई दचकली.

"मावशी! बंगालचा उपसागर वाढलाय का आज?"

"काय झालं?"

"काय झालं विचारतात! जीभ भाजली! माणसं मारायचीत का?"

नागपूरकर म्हणाला, "मी तर पाणी पिऊनच कचेरीत जाणार आता." दुसरा म्हणाला, "भाजी त्याहून वरचढ आहे. शेवग्याच्या शेंगा मिठात घातल्यात की मीठ शेंगांत?" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "अळणी होती तेच बरं होतं, निदान वरून घालता येत होतं. काढायचं कसं?" बावीसच्या बावीस एकदम बोलत होते, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि एकानेही तब्येत सांभाळा म्हटलं नाही.

काकू आवाज ऐकून वरून उतरल्या. त्यांनी पंगतीत कोणाला काही विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरात आल्या, पितळी वाटी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भर."

मी मीठ घेतलं. एक मूठ. दोन. तीन. वाटी भरली. काठावरून चार खडे जमिनीवर पडले.

काकूंनी वाटीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं.

"वरची चिमूट बंद कर आजपासून," त्या म्हणाल्या. मग मागे वळून चुलीपाशी बसलेल्या ठाकुराला म्हणाल्या, "ठाकूर, तिकीट काढ."

बाहेर अजून ओरडा चालूच होता. मी आमटीत दोन तांबे पाणी ओतलं, उकडलेली डाळ घातली आणि पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं.